अंबूताईचं सहावं काज

अंबूताईच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात एकही गोष्ट सांगितली नाही. गोष्ट सांगायला तोंड मोकळं लागतं, आणि त्यांचं तोंड सुनेला बोलण्यातच गुंतलेलं असायचं. तरीही म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातली निदान दोनशे मुलं असं समजत मोठी झाली की या बाईंच्या पोटात गोष्टींचं कोठार होतं. कारण अंबूताई प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला न चुकता म्हणायची, "आमच्या सासूबाई सांगायच्या बरं का." ही थाप ती सत्तावीस वर्षं मारत आली. शिंप्याच्या घरातल्या बाईनं स्वतःच्या मनानं गोष्टी रचायच्या म्हणजे काय? कामधंदा नाही का तिला? सासूबाईंचं नाव पुढं केलं की पुढचा प्रश्न येत नसे. शिवाय त्या तोवर वारल्या होत्या, म्हणजे नाही म्हणायला येणार नव्हत्या.

दुकानाचं नाव हणमंत टेलर्स. दोन शिलाई मशिनं मावतील एवढीच जागा. एका मशिनवर हणमंतराव, शर्ट-पँटवाले. दुसऱ्यावर त्यांची बायको अंबूताई, ब्लाऊज आणि शाळेच्या गणवेशांची. घराणं विठ्ठलभक्त शिंप्यांचं, म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. अंबूताई सातवीपर्यंत शिकली ती कन्नड शाळेत, त्यामुळे मराठी लिहायची तीही कन्नड अक्षरांत. लिहायची म्हणजे मापवहीत. गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, माप, आणि कापडांची अदलाबदल होऊ नये म्हणून कोपऱ्यात टाचणीनं लावलेला त्याच कापडाचा बोटभर तुकडा.

१९९८च्या जूनमध्ये मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बाईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा गणवेश शिवायला टाकला. निळ्या चौकटीचा फ्रॉक, पाठीला पाच बटणं. अंबूताई काजांच्या खुणा करत होती, तेवढ्यात हणमंतरावांनी चहासाठी हाक मारली. चहा देऊन आली, शेवटची खूण कुठली ते विसरली, पुन्हा मोजलं आणि कात्री चालवली. पाच बटणांच्या पट्टीवर सहा काजं पडली. कापड उरलेलं नव्हतं, आणि कापलेलं काज काही मिटत नाही.

"ध्यान कुठं असतंय गं तुझं?" हणमंतराव कडाडले. त्या दिवसापासून 'सहावं काज' हा त्यांचा हुकमी टोमणा झाला. सारात मीठ जास्त पडलं की सहावं काज. नळ उघडा राहिला की सहावं काज.

पण त्या दिवशीचं खरं संकट म्हणजे ती मुलगी, सहना. तिनं फ्रॉक हातात घेतला, बोट घालघालून काजं मोजली आणि जमिनीवर बसकण मारून भोकाड पसरलं. शाळेत सगळे हसतील म्हणे. सोमवारी शाळा, दुसरा फ्रॉक शिवायला ना कापड ना वेळ. ती पोरीशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "अगं वेडे, हे चुकून नाही झालेलं. आमच्या सासूबाई सांगायच्या..."

आणि तिथल्या तिथं, चिंध्यांच्या ढिगाला टेकून, तिनं एक हत्ती उभा केला. एच. डी. कोटेच्या रानातला, कबिनी नदीच्या पाण्यात डुंबून डुंबून थंडी भरलेला, म्हणून म्हैसुरात कोट शिवायला आलेला. शिंप्यानं पाच बटणांचा कोट शिवला. हत्ती म्हणाला, एक काज जास्त पाड. कशाला रे बाबा? तर माझ्या कोटात एक उंदीर राहतो, त्याला बाहेर बघायला खिडकी नको? मग हत्ती जिथं जाईल तिथं लोक म्हणायचे, बघा, शिंपी चुकला. आणि उंदीर खिडकीतून त्यांच्याकडे बघून हसायचा.

सहनानं नाक पुसलं. फ्रॉक अंगात घातला. पाठीमागं हात नेऊन सहावं काज चाचपलं आणि विचारलं, "मग माझा उंदीर कुठाय?" अंबूताईनं चिंधीचा उंदीर शिवून दिला. मागच्या बाकावरच्या पोरींवर हा नजर ठेवील, असं बजावूनही दिलं. पोर नाचत गेली. दुपारी गिऱ्हाईक नसताना अंबूताईनं मापवहीत सहनाचं पान उघडलं आणि त्याच्या पाठीवर ती गोष्ट लिहून काढली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. छातीत काहीतरी धडधडत होतं आणि ते छान वाटत होतं, एवढंच तिला कळलं.

मग ते थांबेना. गणवेश न्यायला आलेलं मूल रडलं, रुसलं, नुसतं कंटाळलं तरी अंबूताईला गोष्ट सुचायची. ती आधी मुलाला ऐकवायची. मूल जिथं इकडंतिकडं बघायला लागेल तिथला भाग ती जादा कापडासारखा कापून टाकायची आणि उरलेलं वहीत उतरवायची. पुढं तिनं कापडाची पुस्तकं शिवायला घेतली. आठ पानं, चिंध्यांची चित्रं, पण प्रत्येक पानात मुलाच्या बोटांना काहीतरी काम. हत्तीचा कोट खऱ्या बटणांनी उघडायचा, मगरीच्या तोंडाला झिप, राणीच्या वेणीला नाडी. अंगणवाडीच्या बाई एक पुस्तक घेऊन गेल्या, मग दुसरीकडच्या आल्या, मग मेटगळ्ळीहून मागणी आली. एकेचाळीस गोष्टी झाल्या. मुलं तिला 'कथे टेलरम्मा' म्हणू लागली, म्हणजे गोष्टीवाली शिंपीण. लेखिका मात्र तिला कुणी म्हणालं नाही, आणि तीही स्वतःला म्हणाली नाही. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लेबल असायचं ते 'हणमंत टेलर्स', कारण घरात तेवढंच लेबल होतं.

पाच वर्षांपूर्वी दुकानात डॉ. व्यासराज आले. एका संस्थेसाठी लोककथा गोळा करणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. चष्मा पुसत, रेकॉर्डर पुढं धरून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, ही हत्तीची कथा तुम्हाला कुणी सांगितली?"

आता खरं बोलायची वेळ होती. पण सवय जिभेवर बसलेली. अंबूताई पदर सावरत म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी."

"त्यांना?"

"त्यांच्या सासूबाईंनी असेल." थाप एकदा सुटली की सुटली. व्यासराजांचे डोळे चमकले. त्यांनी एका कागदावर सही घेतली, तोही तिनं वाचला नाही.

यंदाच्या जूनमध्ये दुकानासमोर स्कूटर थांबली आणि तेहतीस वर्षांची एक बाई तणतणत आत आली. ती सहना. आता एच. डी. कोटे तालुक्यात सरकारी शाळेत शिक्षिका. तिनं पिशवीतून एक चकचकीत पुस्तक काढून मशिनवर आपटलं. मुखपृष्ठावर कोट घातलेला हत्ती, काजातून डोकावणारा उंदीर. "टेलरम्मा, माझी गोष्ट छापून आली. आमच्या सगळ्या शाळांना वाटली. तुमचं नाव कुठंय?"

अंबूताईनं पुस्तक उचललं. 'शिंपी समाजाची पारंपरिक कथा. संकलन, डॉ. व्यासराज.' तिनं पानं उलटली. हत्ती तिचा, उंदीर तिचा, 'बघा, शिंपी चुकला' हे वाक्यसुद्धा तिचं. शेवटी बारीक अक्षरांत टीप होती, ती सहनानं मोठ्यानं वाचली. या समाजात पूर्वापार अंगरख्याला एक काज जास्त ठेवण्याची प्रथा असून ते काज विठ्ठलासाठी मोकळं सोडलं जातं.

हणमंतराव सत्तरीला आलेले, डोळ्यांनी अधू, हल्ली नुसतेच घड्या घालत बसायचे. ते ताडकन उठले. "प्रथा? कसली प्रथा? हिचं ध्यान नव्हतं! मी इथंच बसलेलो!"

त्या वाक्यानं अंबूताईला आधी हसू आलं आणि मग एकदम रडू कोसळलं. सत्तावीस वर्षं नाव लपवलं ते तिनंच. पण आपण लपवणं वेगळं आणि दुसऱ्यानं पुसून टाकणं वेगळं, हे तिला त्या चकचकीत कागदावरून हात फिरवताना कळलं. तिनं डोळे पुसले आणि फोन लावला.

व्यासराज मधाळ आवाजात म्हणाले, "अम्मा, लोककथेला लेखक नसतो. तेच तर तिचं मोठेपण."

"मोठेपण तुमच्याकडं ठेवा सर. मला माझं नाव पाहिजे."

"पण तुम्हीच सांगितलंत, सासूबाईंनी..."

"ते खोटं सांगितलं मी."

मग ते समजुतीनं बोलले, म्हातारपणी असा गोंधळ होतो, मुलं एखादी जुनी कथा ऐकतात आणि मोठेपणी ती आपलीच वाटू लागते. हवं तर पुढच्या वेळी 'कथन, अंबूताई' असं घालू. अंबूताईनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. म्हातारपण म्हणे! अजून ती चष्मा न लावता सुईत दोरा ओवत होती.

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव आले. गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष, अंबूताईच्या माहेरकडून लांबचे मामा. हातात तेच पुस्तक आणि चेहऱ्यावर वरातीतला आनंद. "अंबू, समाजाचं नाव झालं बघ! येत्या रविवारी सभा ठेवली. व्यासराज सर येणार, तुला शाल घालणार. मत्ते आणखी एक. एकादशीचा देवाचा कोट तूच शिवतेस, अल्वा, होय ना? यंदा त्याला सहा काजं पाड. आपली प्रथा ती."

या मंदिरात आषाढी एकादशीला विठ्ठलाला म्हैसुरी धाटणीचा बंद गळ्याचा कोट घालतात. तो शिवण्याची सेवा अंबूताईच्या घरात तीन पिढ्या चालत आलेली. तिला त्या कोटाचा सोस होता. वर्षातून एकदा तिच्या हातचं काम सगळा समाज हात जोडून बघायचा.

"मामा, आपली कुठली प्रथा? तुम्ही पन्नास वर्षं गिऱ्हाइकांचे कोट शिवलेत. एकाला तरी सहावं काज पाडलंत?"

रघुनाथराव चपापले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नसंल पाडलं. पुस्तकात आलंय नव्हं? डॉक्टर माणूस लिहितोय. समाजाचं नाव होतंय, त्यात तुझं वेगळं कशाला? सुम्म, गप्प बस की, अंबू. उगं भांडण काढलंस तर कमिटी कोटाची सेवा दुसऱ्या घराला देईल. मग मला सांगू नको."

ते गेल्यावर अंबूताई मशिनवर बसून राहिली, पण पाय चालवले नाहीत. गप्प बसलं तर कोट राहतो, शाल मिळते, गल्लीत मान वाढतो. हणमंतरावांनी घडी घालता घालता विचारलं, "काय करणार?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? माझ्या नावाचं लेबल लावलंस सगळ्या पुस्तकांना, मी गप्प चालवून घेतलं. लोक मला म्हणायचे, काय सुंदर पुस्तकं शिवता हो. मीबी हो म्हणायचो." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "लाज वाटायची गं. पण हो म्हणायचो."

रविवारी मंदिराचा हॉल भरला. व्यासराजांनी अर्धा तास परंपरेवर सुरेख भाषण केलं. मग रघुनाथरावांनी शाल उघडली. अंबूताईनं ती हातानं अडवली आणि पिशवीतून जुनी मापवही काढली.

"बारा जून अठ्ठ्याण्णव," तिनं वाचलं. "सहना, मेटगळ्ळी. छाती चोवीस, उंची सव्वीस. पाच बटणं. एक काज जास्त पडलं. पोर रडली. गोष्ट सांगितली." तिनं पान उलटून धरलं. निळ्या चौकटीचा तुकडा गंजलेल्या टाचणीला अजून लोंबत होता, आणि मागं अख्खी गोष्ट, कन्नड अक्षरांतली, खाडाखोडीसकट. "ही प्रथा नाही. ही माझी चूक आहे. अष्टेच, एवढंच."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. व्यासराज उभे राहिले. "पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही सासूबाई म्हणालात."

"सर, माझ्या सासूबाईंना ओळखणारी माणसं इथं बसलीत. त्यांनाच विचारा, त्या बाईंनी कधी कुणाला गोष्ट सांगितली असंल का!"

मागच्या रांगेतून एक म्हातारी खुदकन हसली. मग दुसरी. बघता बघता सगळ्या जुन्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या, कारण सासूबाईंच्या तोंडाचा प्रसाद प्रत्येकीला मिळालेला होता. तिसऱ्या रांगेत सहना उभी राहिली. "तो फ्रॉक माझा होता. उंदीर अजून आहे माझ्याकडं." हणमंतराव बसल्या जागेवरून ओरडले, "आणि चहा मी मागितला होता!"

रघुनाथरावांचा चेहरा काळवंडला. "अंबू, चारचौघांत चुकीचं काय कौतुक सांगतेस? समाजाची लाज काढलीस."

"समाजाची कशी? चूक माझी, गोष्ट माझी. तुम्ही चूक देवाला दिलीत, गोष्ट समाजाला दिलीत, संकलन सरांना दिलंत. मला शाल." तिनं वही छातीशी धरली. "साकु, पुरे झालं मामा. एकेचाळीस गोष्टी रचल्यात मी. मी लेखिका आहे. चुकीवर घाला आणि गोष्टीवर घाला, नाव माझंच घाला."

ती शाल न घेता खाली उतरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर येऊन तिनं पायरीवर बसकण मारली आणि वही पिशवीत ठेवली.

व्यासराज मुळात वाईट माणूस नव्हते. आठवड्यानं त्यांचा फोन आला. सहनानं पाठवलेले मापवहीचे फोटो त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले होते. पुढच्या आवृत्तीत नाव येईल, टीप काढली जाईल, आणि तो म्हातारपणीच्या गोंधळाचा विषय काढल्याबद्दल माफ करा, असं ते म्हणाले. पण वाटलेल्या प्रती परत घेता येणार नाहीत. पुढची आवृत्ती कधी, तेही सांगता येत नाही.

कोटाची सेवा गेली. कमिटीनं तो दुसऱ्या घराकडून शिवून घेतला, आणि हट्टानं सहा काजांचा. एकादशीला अंबूताई दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. तिला बघून आसपासच्या बायकांनी पदर सावरून अंतर ठेवलं. तिचा नंबर आला. देवाच्या छातीवर पाच बटणं चमकत होती आणि खाली एक काज रिकामं. परक्यानं शिवलेल्या कोटाची शिवण तिनं नजरेनं तपासली. मग तिनं हात जोडले आणि शेजारच्या पुजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विठ्ठला, सहावं माझं आहे हं. ध्यानात ठेव."

घरी आली तर मशिनवर एक पुडकं. हणमंतराव लेबल विणणाऱ्याकडं जाऊन आले होते, एकटे, डोळ्यांनी धड दिसत नसताना. आत पांढऱ्या पट्टीवर लाल कन्नड अक्षरांत दोनशे लेबलं. 'कथा, अंबूताई. मंडी मोहल्ला.' हणमंत टेलर्स कुठंच नव्हतं. "मोजून बघ," ते म्हणाले, "एखादं जास्त असंल. सहावं काज." आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या सोमवारी ती सहनाच्या स्कूटरवर मागं बसून तिच्या शाळेत गेली. पिशवीत लेबलं, जाड सुई आणि मेण लावलेला दोरा. वाचनाच्या कपाटातून हत्तीचं पुस्तक निघालं. अंबूताईनं जमिनीवर मांडी घातली आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात, 'पारंपरिक कथा' या शब्दांवरच, लेबल शिवायला घेतलं. जाड पुठ्ठ्यातून सुई निघायला जोर लागत होता.

मुख्याध्यापक धावत आले. "अम्मा, सरकारी पुस्तक आहे. याला परवानगी?"

"नाव काढताना कुणी घेतली होती?" ती मान वर न करता म्हणाली. चारी बाजूंनी दुहेरी टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि लेबल ओढून बघितलं. कव्हर फाडल्याशिवाय ते निघणार नव्हतं. मुख्याध्यापकांनी पुस्तक हातात घेऊन लेबल वाचलं, तिच्याकडं बघितलं आणि मुलांना म्हणाले, जागा करा, अज्जींना उजेड येऊ दे. त्यांच्या केंद्रात हे पुस्तक मिळालेल्या आणखी तेरा शाळा होत्या.

मुलं भोवती गोळा झाली. दात पडलेली एक चिमुरडी पुढं सरकली, लेबलावरून बोट फिरवत एकेक अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "अज्जी, ही हत्तीची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

अंबूताईचं तोंड सवयीनं उघडलं. आमच्या सासूबाई, इथपर्यंत शब्द जिभेवर आलेसुद्धा. सहना दारात उभी राहून बघत होती. अंबूताईनं सुई पदराला टोचली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी रचली."